डोमेनच्या शेवटी काय लावावे: पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ करायचे ठरले, तेव्हा कार्यकारी मंडळाच्या बैठकीत तासभर चर्चा झाली ती रंगांवर आणि छायाचित्रांवर. पत्त्याच्या, म्हणजे डोमेन नावाच्या, शेवटी काय असावे, या प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे आली. एक सभासद म्हणाले की 'डॉट कॉम' सगळ्यांना पाठ असते. निवृत्त मुख्याध्यापकांनी सुचवले की वाचनालय ही शैक्षणिक संस्था आहे, सबब 'डॉट एज्यु' शोभून दिसेल. अखेर ज्याची पहिल्या वर्षाची किंमत ९९ रुपये दिसत होती, ते नाव घेऊन आम्ही मोकळे झालो. दुसऱ्या वर्षी त्याच नावाच्या नूतनीकरणाचे बिल अडीच हजारांच्या घरात आले. शिवाय असेही लक्षात आले की ते नाव वाचनालयाच्या नावे नोंदलेलेच नाही, ते संकेतस्थळ बांधून देणाऱ्या माणसाच्या ईमेलवर आहे आणि तो माणूस फोन उचलत नाही. मानद कार्यवाह या नात्याने तो गुंता सोडवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. त्या खटाटोपात जे कळले, ते येथे क्रमाने मांडतो आहे.

पत्त्याच्या शेवटच्या तुकड्याला विकणारे लोक 'एक्स्टेन्शन' म्हणतात आणि तांत्रिक कागदांत त्याला 'उच्चस्तरीय डोमेन' म्हणतात. मी 'प्रत्यय' म्हणतो, कारण विभक्तीचा प्रत्यय जसा शब्दाचे वाक्यातील नाते सांगतो, तसा हा तुकडा तुमचे नाव कोणाच्या नियमांखाली आहे ते सांगतो.

१. पत्ता उजवीकडून वाचायला शिका

आपण पत्ता डावीकडून उजवीकडे वाचतो, संगणक मात्र तो उजवीकडून उलगडतो. 'आपलेनाव डॉट को डॉट इन' असे तुम्ही टाइप केले, की यंत्रणा आधी सर्वांत वरच्या पातळीवरील मूळ सर्व्हरला विचारते की 'इन'चा कारभार कोणाकडे आहे. या मूळ सर्व्हरांची नावे जगात १३ आहेत, प्रत्यक्ष यंत्रे मात्र अनेक देशांत पसरलेली आहेत. तेथून उत्तर मिळाले की 'इन'च्या सर्व्हरला 'को डॉट इन'मधील 'आपलेनाव' कोठे आहे ते विचारले जाते, आणि मग तुमच्या संकेतस्थळाचा पत्ता हाती येतो. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही रचना मांडली, त्याआधी सगळ्या यंत्रांची नावे एकाच फाइलमध्ये हाताने ठेवली जात असत.

ही वाचनाची सवय फसवणूक ओळखायलाही कामी येते. 'तुमचीबँक डॉट को डॉट इन डॉट काहीतरी डॉट एक्सवायझेड' असा दुवा आला, तर डावीकडचे ओळखीचे शब्द पाहून फसू नका. खरे नाव प्रत्ययाच्या लगेच डावीकडे असते, म्हणजे येथे ते 'काहीतरी' आहे. त्याच्या डावीकडे त्या नावाचा मालक हवे ते शब्द फुकटात लावू शकतो.

२. प्रत्ययांची कुळे ओळखा

आज जगात १,४०० हून अधिक प्रत्यय चालू आहेत. यादी पाहून घाबरायला होते, पण कुळे मोजकीच आहेत.

पहिले कूळ सर्वसाधारण प्रत्ययांचे. ऑक्टोबर १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तांत्रिक टिपणात कॉम, ऑर्ग, एज्यु, गव्ह आणि मिल हे प्रत्यय ठरवले गेले, नेट त्यात पुढच्या वर्षी आला. कॉम हे व्यापारी संस्थांसाठी, नेट जाळे चालवणाऱ्यांसाठी आणि ऑर्ग इतर कोठे न बसणाऱ्या संस्थांसाठी, अशी मूळची वाटणी होती. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने पहिले डॉट कॉम नाव नोंदवले. आता डॉट कॉमखाली १५ कोटींहून अधिक नावे आहेत आणि या तिन्ही प्रत्ययांना कसलीही अट उरलेली नाही. डॉट ऑर्ग दिसले की संस्था सेवाभावी असणारच, हा आपल्याकडचा पक्का समज आहे. तो संकेत म्हणून ठीक आहे, पुरावा म्हणून नाही, कारण उद्या एखाद्या सावकाराने डॉट ऑर्ग घेतले तरी त्याला कोणी अडवणार नाही.

त्याच जुन्या यादीतील एज्यु, गव्ह आणि मिल मात्र अमेरिकेचे आहेत. इंटरनेट तेथे वाढले, म्हणून तेथील सरकार आणि सैन्य यांना देशाचे नाव न लावता थेट प्रत्यय मिळाले. डॉट एज्यु २००१ पासून अमेरिकेतील मान्यताप्राप्त उच्चशिक्षण संस्थांपुरते मर्यादित आहे. आमच्या मुख्याध्यापकांची सूचना त्यामुळे विक्रेत्याच्या पानावरच बाद झाली. 'डॉट इंट' हा प्रत्यय देशोदेशींच्या करारांतून उभ्या राहिलेल्या संघटनांचा आहे; जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्त्यात तो दिसतो. 'डॉट अर्पा' यंत्रणेच्या अंतर्गत कामासाठी आहे, तुमचा-माझा त्याच्याशी संबंध येत नाही.

दुसरे कूळ अटींच्या प्रत्ययांचे. १९९८ मध्ये जगभरच्या डोमेन नावांचा कारभार पाहणारी आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि तिने २००० साली सात नवे प्रत्यय मंजूर केले. त्यातील इन्फो आणि बिझ बाजारात सहज मिळतात, तर एरो विमान क्षेत्रासाठी, म्युझियम संग्रहालयांसाठी आणि कूप सहकारी संस्थांसाठी आहेत. डॉट कूपकडे महाराष्ट्राचे लक्ष फारसे गेलेले नाही, याचे मला नवल वाटते. साखर कारखाने, दूध संघ, गृहनिर्माण संस्था यांच्याकडे सहकाराचे नोंदणी प्रमाणपत्र असतेच, आणि हा प्रत्यय नेमका त्याच कागदाच्या बळावर मिळतो.

तिसरे कूळ देशांचे. दोन रोमन अक्षरांचा प्रत्यय दिसला की तो देशाचा किंवा प्रदेशाचा समजावा. देशांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीवरून हे प्रत्यय ठरतात आणि त्यांची संख्या सुमारे २५० आहे. प्रत्येक देश आपापले नियम करतो. अमेरिकेचा यूएस, कॅनडाचा सीए आणि ऑस्ट्रेलियाचा एयू घ्यायचा तर त्या देशाशी खरा संबंध दाखवावा लागतो, म्हणून टोरंटोच्या मराठी मंडळाला सीए मिळेल, पण पुण्यातील दुकानाला मिळणार नाही. युरोपीय संघाचा ईयू घेतलेल्या ब्रिटनमधील अनेकांना ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर ती नावे गमवावी लागली. नियम बदलला की नाव जाते, याचे एवढे ठळक उदाहरण दुसरे नसेल.

काही छोट्या देशांनी आपला कोड जगाला खुला केला आहे. टीव्ही हा तुवालू या पॅसिफिकमधील बेटांचा कोड आहे, एआय हा कॅरिबियनमधील अँग्विलाचा, को हा कोलंबियाचा आणि एमई हा माँटेनेग्रोचा. संगणकवाल्या तरुण मंडळींचा आवडता आयओ हा ब्रिटिश हिंदी महासागरी प्रदेशाचा कोड आहे. ती बेटे मॉरिशसला देण्याच्या करारावर ब्रिटनने मे २०२५ मध्ये स्वाक्षरी केली. कोडयादीतून देशाचे नाव गेले की प्रत्ययही मागे घेता येतो. युगोस्लाव्हियाचा 'वाययू' हा प्रत्यय २०१० मध्ये असाच बंद झाला. ऐकायला छान वाटते म्हणून दूरच्या बेटाचा प्रत्यय घेणाऱ्याने एवढे माहीत करून घेऊनच घ्यावा.

चौथे कूळ सर्वांत मोठे आणि सर्वांत गोंधळाचे. २०१२ मध्ये आयकॅनने प्रत्येकी १,८५,००० डॉलर शुल्क घेऊन नव्या प्रत्ययांसाठी अर्ज मागवले, तेव्हा १,९३० अर्ज आले. त्यातून शॉप, ऑनलाइन, एक्सवायझेड, ॲप, क्लब असे शेकडो प्रत्यय निघाले. लंडन, बर्लिन, टोकियो अशा शहरांचेही आले आणि मोठ्या कंपन्यांचे स्वतःच्या नावाचेही आले. यातील बरेचसे पहिल्या वर्षी कवडीमोलाने मिळतात, आणि आमची फसगत येथेच झाली. प्रत्ययात 'शॉप' किंवा 'क्लब' असले म्हणून शोधयंत्रात तुम्ही वर येता, असे विक्रेते सुचवतात. ते खरे नाही.

३. डॉट इनच्या घरात किती खोल्या आहेत ते पाहा

भारताला 'इन' १९८९ मध्ये मिळाला. बरीच वर्षे त्याचा कारभार मुंबईतील जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडून चाले. तेव्हा नियम इतके कडक होते की सामान्य माणूस त्या वाटेला जात नसे. २००५ पासून निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, ही संस्था डॉट इनचा कारभार पाहते आणि तेव्हापासून हे दार सर्वांना उघडे आहे. आतील विभागणी अशी आहे.

सर्वांसाठी खुले: नुसते 'डॉट इन', आणि त्याखाली मुख्यतः को, नेट, ऑर्ग, फर्म, जेन आणि इंड. 'डॉट को डॉट इन' पूर्वी नोंदणीकृत कंपन्यांकडे बघत असे, आता ते कोणालाही मिळते. फर्म, जेन आणि इंड लोकांच्या तोंडी बसलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

शिक्षण आणि संशोधन: एसी, एज्यु आणि रेस. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि मुंबईची आयआयटी 'एसी डॉट इन'वर आहेत, कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था 'रेस डॉट इन'वर आहे. ही नावे शिक्षण आणि संशोधन संस्थांचे जाळे चालवणाऱ्या अर्नेट इंडिया या शासकीय संस्थेकडून मिळतात आणि मान्यतेचे किंवा संलग्नतेचे पत्र दाखवावे लागते. खासगी शिकवणीवर्गांना ती मिळत नाहीत.

शासन: 'गव्ह डॉट इन' आणि 'एनआयसी डॉट इन'. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्य शासनांची मुख्य संकेतस्थळे 'गव्ह डॉट इन'वर आहेत. आमचे वाचनालय १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यताप्राप्त आणि अनुदानित आहे, म्हणून ते शासकीय धरावे, असा एक युक्तिवाद बैठकीत झाला होता. अनुदान घेतल्याने संस्था शासनाची होत नाही, त्यामुळे तो टिकला नाही. उलट बाजूने पाहता हा नियम नागरिकाच्या फायद्याचा आहे. 'महा' ही अक्षरे आणि योजनेचे नाव जोडून कोणी डॉट कॉम किंवा डॉट ऑनलाइनवर अर्ज भरून घेत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी तेच पान 'गव्ह डॉट इन'वर आहे का ते शोधावे. सैन्यदलांसाठी 'मिल डॉट इन' राखीव आहे.

बँका: सर्वांत नवी खोली ही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये घोषणा करून बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा प्रत्यय राखून ठेवला आणि सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जायला सांगितले. त्याची नोंदणी फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे होते. नागरी सहकारी बँकांनाही हे लागू आहे. पतसंस्थेकडे मात्र बँकेचा परवाना नसतो, त्यामुळे नावापुढे कितीही मोठा फलक असला तरी तिला हा प्रत्यय मिळत नाही. बँकेतर वित्तसंस्थांसाठी 'डॉट फिन डॉट इन' असा वेगळा प्रत्यय योजला आहे.

४. तुम्ही कोणत्या नियमात बसता ते ठरवा

आता निवड सोपी होते. तुमचे ग्राहक, वाचक किंवा सभासद भारतातच असतील, तर डॉट इन घ्या. शोधयंत्रेही देशाच्या प्रत्ययावरून संकेतस्थळ कोणत्या देशासाठी आहे याचा अंदाज घेतात. निर्यात करणारा काजू कारखाना किंवा परदेशी पाहुणे येणारे गोव्यातील अतिथिगृह यांनी डॉट कॉम मिळत असेल तर ते आधी पाहावे. न्यास, मंडळ, वाचनालय यांनी डॉट ऑर्ग किंवा ऑर्ग डॉट इन घ्यावे. आम्ही शेवटी डॉट ऑर्ग डॉट इन घेतले, कारण नुसते डॉट ऑर्ग त्याच नावाच्या दुसऱ्या राज्यातील संस्थेकडे होते. परदेशातील मराठी मंडळांना त्या देशाचा प्रत्यय आणि डॉट ऑर्ग असे दोन्ही पर्याय असतात. समितीतील लोक देश बदलत राहतात, हे लक्षात घेता मला डॉट ऑर्ग अधिक निर्धोक वाटते.

सगळे प्रत्यय विकत घेऊन नावाला कुंपण घालण्याचा सल्लाही मिळेल. लहान संस्थेने त्यात पैसे घालू नयेत. मुख्य नाव आणि फार तर आणखी एक एवढे पुरे, दुसरे पहिल्याकडे वळवून ठेवता येते.

५. नावाचे रोमन स्पेलिंग कागदावर लिहून पाहा

हा टप्पा इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही, कारण ही अडचण आपली आहे. आमच्या वाचनालयाच्या नावात 'ज्ञान' हा शब्द आहे. मराठी माणूस तो रोमन लिपीत डी-एन-वाय ने सुरू करतो, हिंदीची सवय असलेला जी-वाय ने आणि संस्कृतचा अभ्यासक जे-एन ने. 'वाचनालय'चा व कोणी व्हीने लिहितो, कोणी डब्ल्यूने, आणि शेवटी एक ए लावायचा की नाही यावर घरातच एकमत होत नाही. दोन शब्दांच्या त्या नावाची आम्ही फळ्यावर ११ स्पेलिंगे मांडली. मग ग्रंथपालांनी उपाय काढला. वाचनालयात येणाऱ्या २० वाचकांना नाव तोंडी सांगायचे आणि मोबाइलवर टाइप करायला लावायचे. त्यातील १४ जणांनी जे लिहिले ते घेतले. तुमच्या नावात ज्ञ, ळ, ण, च-छ किंवा दीर्घ आकार असेल, तर हे जरूर करून पाहा. जमल्यास असा शब्दच टाळा आणि आडव्या रेघेने जोडलेले नाव घेऊ नका, कारण फोनवर ती रेघ सांगताना नेहमी राहून जाते.

६. देवनागरी प्रत्ययाचा विचार करा, पण दुसरा म्हणून

'डॉट भारत' हा देवनागरी प्रत्यय २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाला. त्यात मराठी आणि कोकणीसह आठ भाषांची सोय आहे. 'ज्ञान' येथे एकाच प्रकारे लिहिता येते, हा मोठाच दिलासा. 'डॉट कॉम'चे देवनागरी रूप आणि 'डॉट संगठन' हे प्रत्ययही आहेत, मात्र रोमन डॉट कॉम तुमच्याकडे असले म्हणून देवनागरी 'कॉम' आपोआप तुमचे होत नाही.

अडचण वापरात येते. यंत्रणेला अजूनही रोमन अक्षरेच कळतात, म्हणून देवनागरी नाव आतल्या आत एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात बदलले जाते. हे सांकेतिक रूपही ६३ चिन्हांच्या मर्यादेत बसावे लागते, त्यामुळे देवनागरीत आटोपशीर दिसणारे लांब नाव नाकारले जाऊ शकते. कधी कधी संदेशातून दुवा पाठवला की ते अगम्य रूपच समोरच्याला दिसते आणि तो बिचारा ते फसवणुकीचे समजून उघडत नाही. देवनागरी ईमेल पत्ता तर कित्येक अर्जांत 'अवैध' म्हणून परत येतो. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली की वाचक दुसऱ्याच पत्त्यावर जातो, आणि वेलांटीच्या बाबतीत आपली ख्याती काय आहे ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून रोमन नाव मुख्य ठेवावे, देवनागरी नाव त्याकडे वळवावे आणि फलकावर, पावतीवर देवनागरी नाव छापावे. आमच्या पावतीपुस्तकावर ते आहे, आणि ज्येष्ठ वाचक आवर्जून तेच वापरतात.

७. किंमत दुसऱ्या वर्षाची विचारा

रजिस्ट्री म्हणजे प्रत्यय चालवणारी संस्था आणि रजिस्ट्रार म्हणजे तुम्हाला नाव विकणारा अधिकृत विक्रेता. एकच नाव वेगवेगळ्या रजिस्ट्रारकडे वेगळ्या दराने मिळते. पहिल्या पानावरचा आकडा फक्त पहिल्या वर्षाचा असतो. नूतनीकरणाचा दर त्याच पानावर बारीक अक्षरात किंवा वेगळ्या दरपत्रकात दिलेला असतो, तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही नावांवर 'प्रीमियम' असा शिक्का असतो. त्यांचा दर पहिल्या वर्षी भारी असतोच आणि कित्येकदा दरवर्षी तसाच राहतो. नाव एका वेळी कमाल १० वर्षांसाठी घेता येते. दर वाढण्याची भीती असेल तर तीन किंवा पाच वर्षांचे पैसे एकदम भरणे परवडते.

पैसे भरण्याच्या पानावर होस्टिंग (म्हणजे संकेतस्थळ ठेवण्याची जागा), ईमेल, सुरक्षा प्रमाणपत्र अशा खुणा आधीच केलेल्या असतात. त्या काढून टाका. डोमेन म्हणजे फक्त नाव. बाकीच्या गोष्टी नंतर आणि दुसरीकडूनही घेता येतात.

८. कागदपत्रे हाताशी ठेवा

खुल्या प्रत्ययांना सहसा ईमेल, मोबाइल क्रमांक, टपालाचा खरा पत्ता आणि पैसे भरण्याचे साधन एवढे पुरते. तरीही संस्थेने पुढील कागद एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवावेत, कारण डॉट इनसाठी ओळख पडताळणी मागितली जाऊ शकते आणि पुढे मालकीचा वाद झाला तर हेच कागद लागतात.

- धर्मादाय आयुक्त, सहकार निबंधक किंवा कंपनी निबंधक यांच्याकडील नोंदणी प्रमाणपत्र
- संस्थेचे पॅन कार्ड, दुकान असल्यास उद्यम किंवा जीएसटी प्रमाणपत्र
- डोमेन संस्थेच्या नावे घ्यावे आणि अमुक पदाधिकाऱ्याने ते हाताळावे, असा ठराव
- त्या पदाधिकाऱ्याचे ओळखपत्र
- 'एसी डॉट इन'साठी मान्यता किंवा संलग्नता पत्र आणि प्राचार्यांचे पत्र, 'गव्ह डॉट इन'साठी विभागप्रमुखांचे पत्र
- बोधचिन्ह नोंदणीकृत असेल तर त्याचे प्रमाणपत्र

९. नोंदणी स्वतः करा

संकेतस्थळ बांधणाऱ्याला काम द्या, पण नाव स्वतः नोंदवा. सर्वांत महागात पडणारी चूक येथेच होते. रजिस्ट्रारच्या दप्तरी ज्याचे नाव आणि ईमेल आहे तोच मालक, मग पैसे कोणीही भरलेले असोत. आम्ही तर त्या गृहस्थाला रोख पैसे दिले होते आणि पावतीवर 'वेबसाइट काम' एवढेच लिहिलेले होते.

नोंदणी करताना 'रजिस्ट्रंट' या रकान्यात संस्थेचे पूर्ण नाव लिहा. ईमेल कोणा एका पदाधिकाऱ्याचा खासगी नको आणि त्याच डोमेनवरचाही नको, कारण डोमेन बंद पडले तर तो ईमेलही बंद पडतो आणि सूचना कोणालाच मिळत नाही. संस्थेसाठी वेगळा ईमेल उघडा आणि त्याचा सांकेतिक शब्द दोघांकडे ठेवा. नोंदणीनंतर पडताळणीचा ईमेल येतो. डॉट कॉमसारख्या प्रत्ययांत १५ दिवसांत त्यावर होकार दिला नाही, तर नाव तात्पुरते बंद होते. डॉट कॉमला पत्ता-फोन झाकून ठेवणारी गुप्तता सेवा मिळते, डॉट इनला ती घेता येत नाही, म्हणून घरचा पत्ता न देता संस्थेचा पत्ता द्यावा.

नाव आधीच दुसऱ्याच्या खात्यात अडकले असेल, तर सामोपचाराने दोन गोष्टी मागा: नावावरील कुलूप काढणे आणि 'ऑथ कोड'. हा कोड नव्या रजिस्ट्रारकडे दिला की नाव हलते. नवे नाव सहसा पहिले ६० दिवस हलवता येत नाही. आम्हाला तो कोड मिळवायला चार महिने आणि एका सामाईक परिचिताची मध्यस्थी लागली, आणि तोवर महागडे नूतनीकरणही आम्हीच भरले.

सामोपचार संपला तर कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सांगितले की डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते. त्याआधी १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'शी एका अक्षराने मिळते-जुळते असलेले 'रॅडिफ' हे नाव वापरण्यास मनाई केली होती. डॉट इनच्या वादांसाठी निक्सीची स्वतंत्र लवाद पद्धत आहे, डॉट कॉम आणि तत्सम प्रत्ययांसाठी आयकॅनची. दोन्हीकडे तुमचा नावावरील हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू दाखवावा लागतो आणि खर्च येतोच, त्यामुळे लहान संस्थेने आधी मध्यस्थ शोधावा.

१०. मुदतीची तारीख भिंतीवर लावा

मुदत संपली की नाव लगेच जात नाही. डॉट कॉमसारख्या प्रत्ययांत आधी काही दिवसांची सवलत मिळते, ती रजिस्ट्रारवर अवलंबून असते. त्यानंतर ३० दिवस नाव जादा दंड भरून परत घेता येते. शेवटचे पाच दिवस ते कोणाच्याच हातात नसते आणि मग बाजारात खुले होते. चालू संकेतस्थळाचे नाव सुटण्याची वाट पाहणारे लोक आणि त्यासाठी लावलेली यंत्रे असतात. अशी नावे हातात पडली की त्यावर जुगाराची पाने उघडली जातात. शाळेच्या जुन्या पत्त्यावर असे पान निघाल्याचे पालकांना समजावून सांगणे किती अवघड जाते, ते मी एका मुख्याध्यापिकेच्या तोंडून ऐकले आहे.

या काळात दोन प्रकारची खोटी पत्रे येतील. एकात दुसऱ्याच कंपनीचे नूतनीकरणाचे 'बिल' असते. दुसऱ्यात असे लिहिलेले असते की कोणी एक कंपनी चीनच्या किंवा आशियाच्या प्रत्ययाखाली तुमचेच नाव घेत आहे, तरी तुम्ही तातडीने ते घ्यावे. दोन्ही कचऱ्यात टाका आणि नूतनीकरण फक्त आपल्या रजिस्ट्रारच्या खात्यात शिरूनच करा. आपोआप नूतनीकरण चालू ठेवले असेल, तर जोडलेल्या कार्डाची मुदतही पाहा. आमच्या खजिनदारांचे कार्ड बदलले आणि पैसे कापले गेले नाहीत, हे आम्हाला मुदतीच्या तीन दिवस आधी कळले.

आता आमच्या वाचनालयात देवघेव टेबलाच्या मागच्या भिंतीवर, वर्तमानपत्रांच्या बिलांच्या तारखांखाली, डोमेनची मुदत, रजिस्ट्रारचे नाव आणि खाते कोणत्या ईमेलवर आहे, एवढ्या तीन ओळी लाल शाईत लिहिलेल्या आहेत. सांकेतिक शब्द त्यात नाही. तो बंद पाकिटात कपाटात आहे आणि कार्यवाह बदलले की पाकीट फोडून तो बदलायचा, अशी नोंद इतिवृत्तात केलेली आहे.